फासावरच्या माणसाला चेहरा का नसतो? (जुनी छापील व्यंगचित्रं आणि त्यातले गुन्हेगार)

ठसेकरीण

नमस्कार मंडळी,

मी एचिंग करते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र ओरखडायचं, पत्रा आम्लात सोडायचा, मग रेघांत शाई भरून ओल्या कागदावर ठसा काढायचा. वीस वर्षं हेच करतेय. त्यामुळे जुनं छापील चित्र समोर आलं की माझी नजर आधी रेघेवर जाते, मग विषयावर. गेल्या महिन्यात लंडनला बहिणीकडे गेले होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या चित्रसंग्रहाच्या अभ्यासिकेत वेळ घेऊन दोन दिवस बसले. आधी कळवलं की तिथे कुणालाही मूळ ठसे समोर आणून देतात. मी मागवले ते सगळे गुन्हेगारांचे: चोर, दरोडेखोर, खुनी, खोट्या नोटा चालवणारे. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती इथे मांडते.

पहिलं चित्र विल्यम होगार्थचं, १७४७ सालचं. 'उद्योग आणि आळस' या बारा चित्रांच्या मालिकेतलं अकरावं. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या एका विणकराकडे दोन उमेदवार काम शिकायला असतात. फ्रान्सिस गुडचाइल्ड मान मोडून काम करतो, मालकाच्या मुलीशी लग्न करतो आणि शेवटी लंडनचा लॉर्ड मेयर होतो. टॉम आयडल मागावरच पेंगतो, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना बाहेर थडग्यावर जुगार मांडतो आणि शेवटी टायबर्नच्या, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागेवरच्या, फासावर जातो. अकराव्या चित्रात तो फासाकडे निघालाय.

पुस्तकात हे चित्र लहानपणापासून पाहत आले होते आणि ते टॉमचं आहे असंच धरून चालले होते. मूळ ठसा टेबलावर ठेवून भिंगातून बघायला लागले तर टॉमला शोधावं लागलं. डावीकडे, जरा मागे, बैलगाडीएवढ्या एका गाडीत स्वतःच्याच शवपेटीला टेकून तो बसलाय. एक मेथडिस्ट प्रचारक त्याला कळवळून काहीतरी सांगतोय. टॉम केवढा, तर माझ्या नखाएवढा. उरलेला सगळा कागद गर्दीचा. अगदी पुढे, मधोमध, कडेवर तान्हं मूल घेऊन एक बाई ओरडून कागद विकतेय, त्यावर टॉमचा कबुलीजबाब आणि त्याचे शेवटचे शब्द छापलेत. टॉम अजून वधस्तंभापर्यंत पोचलेला नाही आणि त्याचे शेवटचे शब्द बाजारात आले आहेत! एकाने कुत्र्याला शेपटीने धरून उचललंय, प्रचारकावर भिरकावायला. उजवीकडे खाऊवाला तोंडाने जाहिरात करतोय आणि एक पोरगं त्याचाच माल लांबवतंय. म्हणजे चोराची फाशी बघायला आलेल्यांत चोरी चालू आहे. आणि लांब त्या तीन आडव्या तुळयांच्या फासावर जल्लाद पाय पसरून पाइप ओढत बसलाय.

ओबडधोबड, वाकडेतिकडे, दात विचकलेले चेहरे सगळे गर्दीचे आहेत. टॉमचा चेहरा साधा आहे, भ्यालेला.

दुसरं चित्र ७२ वर्षांनंतरचं. जॉर्ज क्रुकशँकने काढलेली खोटी नोट, जानेवारी १८१९. फ्रान्सशी लढाई चालू असताना १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक-दोन पौंडांच्या नोटा काढल्या. त्याआधी गरिबाच्या हातात नोट अशी येतच नसे. या नोटांची नक्षी इतकी साधी होती की कुणीही बरा कोरक्या तशी दुसरी करेल. ती केली गेली आणि भाजी-भाकरीच्या व्यवहारात हातोहात फिरली. पण कायदा असा की खोटी नोट जाणूनबुजून चालवली तर फाशी. १७९७ ते १८२१ या काळात या गुन्ह्यांपायी तीनशेहून जास्त माणसं लटकली. क्रुकशँकने पुढे स्वतः सांगितलं की न्यूगेट तुरुंगावरून जाताना त्याने बायकांना फासावर लटकलेलं पाहिलं, चौकशी केली तेव्हा कळलं की एक पौंडाच्या खोट्या नोटा चालवल्या म्हणून, आणि घरी जाऊन त्याने हे चित्र काढलं.

नोटेवर ओळीने माणसं टांगलेली आहेत, त्यात बायकाही. पौंडाचं चिन्ह आहे ते दोराच्या वेटोळ्याचं. ब्रिटानिया देवी आपलंच मूल खातेय. खाली सही 'जे. केच', म्हणजे जल्लाद. जॅक केच नावाचा एक जल्लाद सतराव्या शतकात होऊन गेला आणि त्याचं नाव पुढच्या सगळ्या जल्लादांना चिकटलं. या लटकलेल्या माणसांना चेहराच नाही.

व्यंगचित्र म्हटलं की आपण समजतो गुन्हेगाराचं नाक वाकडं, कपाळ आखूड, डोळे लाल. मला तर बरोबर उलटं दिसलं. गुन्हेगार जितका जवळून काढलाय, तितका तो साध्या माणसासारखा. किंवा मग त्याला चेहराच दिलेला नाही. विद्रूप आहेत ते बघणारे, पकडणारे आणि फायदा उठवणारे. हे मला एकटीलाच दिसतंय का?

---

चाफेकळी

फार सुंदर लिहिलंयस. टॉमचे शेवटचे शब्द आधीच छापून तयार, हे वाचून चर्रर झालं. एक विचारायचंय: ही चित्रं घेत कोण होतं? गरीब माणसाला परवडत होती का?

---

ठसेकरीण

चाफेकळी, 'उद्योग आणि आळस'चा बारा चित्रांचा संच १२ शिलिंगला होता, म्हणजे चित्राला एक शिलिंग. मजुराला दिवसभराच्या कमाईएवढा किंवा त्याच्या जवळपास. होगार्थचं म्हणणं होतं की ही मालिका तरुण पोरांना धडा म्हणून आहे, त्यामुळे ती मालकांनी घ्यावी आणि उमेदवारांच्या डोळ्यांसमोर टांगावी. बाकीच्यांना दुकानाच्या काचेतून फुकट बघायला मिळे. क्रुकशँकची नोट लडगेट हिलवरच्या विल्यम होनच्या दुकानात लावली तेव्हा रस्ता अडेल एवढी गर्दी झाली होती. हा होनही लक्षात ठेवण्यासारखा माणूस. डिसेंबर १८१७ मध्ये ओळीने तीन दिवस त्याच्यावर तीन खटले चालले, तिन्ही वेळा तो स्वतःच बोलला आणि तिन्ही वेळा सुटला.

---

निवृत्त_मुनसफ

धागा आवडला, ताई. चित्रांतलं मला कळत नाही, पण खटल्यांतलं थोडं कळतं, म्हणून भर घालतो.

तुम्ही 'जवळून काढला' म्हणता त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या लिखाणात आलं नाही: सारा माल्कम. १७३३ चा फेब्रुवारी. लंडनच्या टेम्पल भागात, वकिलांच्या वस्तीत, एक म्हातारी आणि तिच्या दोन मोलकरणी अशा तिघींचा खून झाला. सारा तिथे धुणं-झाडलोट करणारी, वय २२. होगार्थ फाशीच्या दोन दिवस आधी न्यूगेटमध्ये जाऊन तिच्यासमोर बसला आणि चित्र काढलं. बरोबर त्याचे सासरे, दरबारी चित्रकार जेम्स थॉर्नहिल होते. त्याचा ठसा सहा पेन्सला विकला गेला. रंगीत चित्र आता एडिनबरोला आहे.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टातल्या खटल्यांचे तेव्हाचे छापील वृत्तांत आता आंतरजालावर फुकट वाचता येतात. साराचा खटला मी दोनदा वाचला. तिला वकील नाही. तेव्हा फाशीच्या गुन्ह्यात आरोपीच्या वतीने वकिलाने ज्यूरीपुढे बोलायचं नाही असाच दंडक होता, तो कायद्याने गेला १८३६ मध्ये. ही धुणं धुणारी मुलगी साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः घेते. कबूल करते की चोरीत मी होते, जिन्यावर उभी होते, पण आत गेले ते दुसरे. तिच्या कपड्यावर रक्त सापडलं, त्यावर ती भर कोर्टात पुरुषांपुढे सांगते की हे पाळीचं रक्त आहे, आणि खुनाचं असतं तर ते अंगावर कुठे कुठे उडालं असतं याचा हिशेब मांडते. मी न्यायासनावर होतो तेव्हा असा मुद्देसूद बचाव शिकलेल्या माणसांकडूनही क्वचित ऐकला. ती निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. पण त्या टेबलावर हात टेकून बसलेल्या बाईकडे बघताना हा बचाव माहीत असायला हवा.

---

ठसेकरीण

सर, मनापासून आभार. त्या चित्रात मला सगळ्यात जास्त दिसले ते तिचे हात. कोपरापर्यंत उघडे, जाड, काम केलेले. समोर जपमाळ, कारण ती कॅथलिक. 'हिचा चेहराच सांगतो ही काहीही करू शकेल' असं होगार्थ म्हणाल्याचं सांगतात. तोंडाने तो तसं म्हणालाही असेल, पण त्याच्या हाताने तसं काढलेलं नाही. पाळीच्या रक्ताचं मला माहीत नव्हतं. आज रात्री तो खटला वाचते.

---

आडवाट

धागा चांगला आहे, पण मूळ म्हणणं मला पटत नाही. सोयीची चित्रं निवडलीत असं वाटतं.

होगार्थचाच टॉम नीरो घ्या. 'क्रौर्याचे चार टप्पे', १७५१. पहिल्या चित्रात पोरगा कुत्र्याचे हाल करतोय, दुसऱ्यात पडलेल्या घोड्याला मारतोय, तिसऱ्यात त्याच्यापासून दिवस गेलेल्या प्रेयसीचा गळा चिरलाय, चौथ्यात फाशीनंतर शल्यविशारद त्याचं प्रेत फाडतायत आणि खाली कुत्रं त्याचं काळीज खातंय. यात कुठे आहे साधा माणूस? प्रेक्षकाने 'बरी जिरली' म्हणावं म्हणूनच हे काढलंय. आणि पुढच्याच वर्षी लागू झालेल्या कायद्याने खुन्याचं प्रेत एक तर फाडायला द्यायचं नाही तर साखळ्यांत टांगायचं, पुरायचं नाही, असं ठरलं. चित्र आणि कायदा हातात हात घालून चालले होते.

तीच गोष्ट खासदार जॉन विल्क्सची. राजद्रोही लिखाणाचा आरोप, १७६३. होगार्थने त्याचे तिरळे डोळे आणि केसांच्या टोपाची शिंगं अशी काढली की तो सैतानच वाटावा. गुन्हेगाराला विद्रूप करणं या लोकांना चांगलं येत होतं. ज्याच्यावर राग, त्याला विद्रूप करायचे, एवढंच.

---

ठसेकरीण

आडवाट, टॉम नीरो मी मुद्दाम वगळला नव्हता, पण तुमचा आक्षेप रास्त आहे. त्यावर दोन गोष्टी सांगते.

पहिल्या चित्रात डावीकडच्या भिंतीकडे नीट बघा. एक मुलगा भिंतीवर कोळशासारख्या कशाने तरी चित्र काढतोय: फासावर टांगलेला काड्यांचा माणूस, आणि खाली नाव 'टॉम नीरो'. टॉम अजून पोरगाच आहे. कुत्र्याला छळतोय हे भयंकर आहेच, पण त्याने अजून माणूस मारलेला नाही, आणि गल्लीतल्या पोराने त्याचं गुन्हेगार म्हणून चित्र काढून ठेवलंय. होगार्थने आपल्या चित्रात दुसऱ्याला व्यंगचित्र काढताना दाखवलं. टॉमच्या बाहीवर धर्मादाय शाळेचा बिल्ला आहे, म्हणजे तो सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीने पोसलेला मुलगा. हे त्याने का दाखवलं असेल?

दुसरं, चौथ्या चित्रातले चेहरे. मधोमध खुर्चीत बसलेला प्रमुख काठीने प्रेताकडे असा दाखवतोय की न्यायासनावरच बसलाय. सुरी चालवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. मालिकेचं नाव क्रौर्य आहे आणि शेवटच्या चित्रात क्रूर कोण, हे मला ठरवता येत नाही.

शिवाय ही मालिका त्याला अगदी गरिबांपर्यंत न्यायची होती. म्हणून तांब्याऐवजी लाकडी ठशांवर करून बघितली, दोन चित्रं लाकडात कोरूनही घेतली, पण तेच महाग पडायला लागलं म्हणून सोडून दिलं. त्याचे वडील कर्ज फेडता आलं नाही म्हणून फ्लीट तुरुंगात होते, होगार्थ तेव्हा दहा-बारा वर्षांचा. तुरुंग आतून पाहिलेला माणूस आहे हा. त्याने टॉम नीरोला माफ केलं असं माझं म्हणणं नाही. पण तो त्याला परका मानत नाही.

विल्क्सचं तुमचं बरोबर. तिथे तो सूड उगवतोय, त्यांचं वैयक्तिक भांडण होतं.

---

जुनाबाजार

मी जुने छापील कागद जमवतो, त्यामुळे हा धागा घरचाच. दोन वस्तू सांगतो.

जोनाथन वाइल्ड. हा स्वतःला चोर पकडणाऱ्यांचा सेनापती म्हणवायचा. चोरांकडून चोऱ्या करवायच्या, मग मालकाकडून बक्षीस घेऊन तोच माल 'शोधून' द्यायचा. जो चोर ऐकणार नाही त्याला पकडून द्यायचं, सरकार दरोडेखोरामागे ४० पौंड देत असे. जॅक शेपर्ड नावाचा सुताराकडे उमेदवारी केलेला पोरगा १७२४ मध्ये चार वेळा तुरुंग फोडून पळाला, त्याच्यामागेही हाच लागला होता. शेपर्डला बघायला लोक तुरुंगाधिकाऱ्यांना पैसे मोजून न्यूगेटमध्ये जात, आणि वर मुनसफसाहेबांनी उल्लेख केला त्या थॉर्नहिलनेच कोठडीत जाऊन त्याचं चित्र काढलं. सारा माल्कमच्या नऊ वर्षं आधी! त्याच नोव्हेंबरात शेपर्ड फासावर गेला, वय २२. पुढच्या वर्षी २४ मे १७२५ ला वाइल्ड गेला. चोरीची लेस परत मिळवून द्यायला दहा गिनी घेतल्या, एवढ्याशा गोष्टीवरून अडकला.

वाइल्डच्या फाशीसाठी कुणीतरी निमंत्रणपत्रिका छापली. खरीखुरी लग्नपत्रिका वाटावी अशी नक्षी. मजकूर साधारण असा: ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडमधील समस्त चोर, वेश्या, पाकीटमार यांस आग्रहाचं निमंत्रण, की आपले परममित्र धर्मनिष्ठ श्री. वा— यांना त्यांच्या निवासस्थानापासून तीन तुळयांच्या झाडापर्यंत सोबत करावी. निवासस्थान म्हणजे न्यूगेट. इथे ठसेकरीणबाईंचं म्हणणं लागू पडतं असं मला वाटतं. शेपर्डचं चित्र निघालं, शांत, देखणं. वाइल्डची निघाली ती पत्रिका. ज्याने चोरांचा बाजार मांडला, त्याची लोकांनी जाहीर टिंगल केली.

दुसरी वस्तू म्हणजे 'शेवटच्या शब्दां'चे ते कागद. एकोणिसाव्या शतकात सेव्हन डायल्स भागात जेम्स कॅटनॅकचा छापखाना होता, तिथून असे कागद लाखांनी सुटत. त्यावर फाशीचं लाकडी ठशातलं चित्र असे आणि ते कित्येकदा जुनंच. मागच्या खुन्याच्या फाशीला वापरलेला ठोकळा पुढच्याला. नाव बदललं, तारीख बदलली, माणूस तोच लटकतोय. हे कागद एकाखाली एक मांडले की अंगावर काटा येतो. इथे चेहरा नाही तो कळवळ्याने नाही, नवा ठोकळा कोरायला पैसे पडतात म्हणून. चेहरा नसण्याचं प्रत्येक ठिकाणी एकच कारण धरू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

चाफेकळी

जुनाबाजार, ती पत्रिका म्हणजे कमालच आहे. आपल्याकडे असं काही होतं का? म्हणजे गुन्हेगारावरची विकाऊ चित्रं?

---

हुगळीकाठ

होतं, आणि मी राहतो त्या गावात होतं. आमचं कुटुंब तीन पिढ्या कलकत्त्यात आहे, म्हणून थोडं लांबवून लिहितो.

१८७३ सालचं तारकेश्वरचं प्रकरण. नवीनचंद्र नावाचा तरुण कलकत्त्याला छापखान्यात नोकरीला. सोळा वर्षांची बायको, एलोकेशी, माहेरी. तारकेश्वर देवस्थानच्या महंताने तिला नादी लावलं की तिच्यावर जबरदस्ती केली, यावर तेव्हाही वाद होता. नवीनने तिला घेऊन निघून जायचा प्रयत्न केला, महंताच्या माणसांनी वाट अडवली, आणि त्याने मासे कापायच्या मोठ्या विळीने तिचं डोकं उडवलं आणि स्वतः जाऊन कबुली दिली. नवीनला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, लोकांनी अर्जांवर अर्ज केले आणि दोन वर्षांनी तो सुटला. महंताला तीन वर्षं सक्तमजुरी.

कालीघाटच्या पटुआंनी, म्हणजे पट रंगवणाऱ्या चित्रकारांनी, या प्रकरणाची चित्रं शेकड्यांनी रंगवून देवळाबाहेर विकली आणि कलकत्त्याच्या बटतला भागातल्या छापखान्यांनी लाकडी ठशांतून छापली. एका चित्रात एलोकेशी महंताला पान देतेय. एकात नवीन विळी घेऊन उभा. आणि एकात महंत तुरुंगात घाणा ओढतोय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये यातली बरीच आहेत, ठसेकरीणबाई पुढच्या वेळी नक्की बघा. खुनी नवीन आहे, पण चित्रकार ज्याच्यावर तुटून पडलाय तो महंत: गुबगुबीत, तेल लावलेला. घाण्याचं चित्र सगळ्यांना हवं होतं.

आता त्या खोट्या नोटेबद्दल. खोट्या कागदाला फाशी, हा इंग्रजांचा कायदा क्रुकशँकच्या आधी ४४ वर्षं कलकत्त्यात येऊन गेला होता. ५ ऑगस्ट १७७५, महाराजा नंदकुमार. त्याने वॉरन हेस्टिंग्जवर लाच घेतल्याचे आरोप केले, त्यानंतर लगेच जुन्या एका दस्ताच्या बनावटीचा खटला त्याच्यावर उभा राहिला आणि त्याला फाशी झाली. बनावट दस्तासाठी फाशी ही गोष्ट या मुलखात कुणी ऐकलेली नव्हती.

पुढे हेस्टिंग्जवरच संसदेत महाभियोग चालला, १७८८ ते १७९५. जेम्स गिलरेची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. मे १७८६ मध्ये हेस्टिंग्ज आहे 'भारताचा तारणहार', उंटावर बसलेला, आणि बर्क, फॉक्स, नॉर्थ हे संसदेतले त्याचे विरोधक त्याला लुटायला आलेले दरोडेखोर. मार्च १७८८ मध्ये तोच हेस्टिंग्ज लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसून दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या सांभाळत रक्ताचा समुद्र ओलांडतोय आणि त्या समुद्रात आपल्या लोकांची प्रेतं तरंगतायत. माणूस तोच, चित्रकार तोच, मध्ये दोन वर्षंही पुरी नाहीत.

याच हेस्टिंग्जच्या काळात वडगाव झालं आणि सालबाईचा तह झाला, म्हणजे पुण्याच्या लोकांनाही तो नवा नव्हता. त्या समुद्रातल्या प्रेतांना चेहरे आहेत का, हे मला छापील पुस्तकातून नीट दिसलं नाही. कुणी मूळ ठसा पाहिला असेल तर सांगा.

---

चाफेकळी

मासे कापायची विळी. आमच्या घरी आजीची आहे, रायगड जिल्ह्यातली. आज तिच्याकडे बघवलं नाही.

---

आडवाट

हुगळीकाठ, प्रतिसादासाठी आभार. ठसेकरीणबाई, तुमचं म्हणणं अठराव्या शतकापुरतं मी बरंचसं मान्य करतो. पण पुढे काय झालं तेही धाग्यात यायला हवं, नाहीतर चित्र फार गोड होईल.

लव्हाटरचं मुखसामुद्रिक, म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायची विद्या, युरोपभर वाचलं जात होतंच, पुढे १८७६ मध्ये इटलीत लोंब्रोसोने जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं सांगणारं पुस्तक काढलं: कपाळ असं, जबडा तसा. आणि 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनिएल काय काढत होता? ६ मे १८८२ ला डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झाला. दोन आठवड्यांत टेनिएलचं चित्र आलं, त्यात आयरिश चळवळ म्हणजे तोंडावर बुरखा ओढलेला, हातात रक्त गळणारा सुरा घेतलेला राक्षस. आयरिश माणूस माकडाच्या जबड्याचा काढायची तर रीतच पडली होती. आपलंही तेच. ऑगस्ट १८५७ मध्ये त्याने ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेताना काढलाय, वाघाखाली इंग्रज बाई आणि मूल. तिथे एका माणसाला गुन्हेगार ठरवलेलं नाही, अख्ख्या मुलखाला जनावर केलंय. ही चित्रं दर आठवड्याला घराघरांत जात होती. होगार्थच्या टॉमला निदान शाळेचा बिल्ला होता.

---

जुनाबाजार

आडवाट, अनुमोदन. पण त्याच टेनिएलचं २९ सप्टेंबर १८८८ चं चित्रही बघा. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत बायकांचे खून चालू होते, खुनी सापडत नव्हता. टेनिएलने गलिच्छ बोळातून तरंगत येणारं एक भूत काढलं, हातात सुरा, कपाळावर 'गुन्हा' हा शब्द. चित्राचं नाव साधारण 'दुर्लक्षाची फळं' असं. बोट खुन्याकडे नाही, त्या बोळाकडे आहे. माकड काढणाऱ्या हातानेच हे काढलंय.

आणि फ्रान्स राहिलाच. दोम्ये या व्यंगचित्रकाराला राजाचं चित्र काढलं म्हणून १८३२ मध्ये तुरुंगात टाकलं, १८३५ मध्ये राजकीय व्यंगचित्रांवरच बंदी आली. मग त्याने १८३६ ते १८३८ या काळात रोबेर माकेर नावाच्या नाटकातल्या भामट्याला घेऊन शंभर चित्रं काढली. हा माकेर कधी बँकवाला, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी शेअर विकणारा. फाटका चोर होता त्याला कोट चढवला आणि सगळ्यांना कळलं कुणाबद्दल चाललंय.

---

निवृत्त_मुनसफ

ताई, तुमच्या मथळ्यातल्या प्रश्नाला एक साधं उत्तर आहे, ते अजून कुणी दिलं नाही. फाशी देताना कैद्याच्या तोंडावर पांढरी टोपी ओढत. बघणाऱ्यांना त्याचा चेहरा दिसू नये म्हणून. क्रुकशँकने न्यूगेटबाहेर जे पाहिलं त्यात चेहरे दिसलेच नसणार. त्यामुळे चेहरा नाही हा चित्रकाराचा विचार असेलही, पण आधी तो जल्लादाचा रिवाज आहे. माझ्या कामात मी एक शिकलो: कागदावर जे नाही त्याचा अर्थ लावण्याआधी ते तिथे असणं शक्य होतं का ते बघावं.

---

ठसेकरीण

सर, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर कालची रात्र मी माझी वही आणि घेतलेले फोटो पुन्हा बघण्यात घालवली. टोपीचं मला सुचलंच नाही, आणि ते सुचायला हवं होतं.

तुम्ही म्हणता ते मान्य केलं की प्रश्न बदलतो. आता मी विचारते की चित्रकाराने क्षण कुठला धरला. होगार्थने टॉमला गाडीत धरलं, टोपी ओढायच्या आधी, चेहरा अजून त्याचा स्वतःचा असताना. सारालाही आधीच धरलं, दोन दिवस आधी. थॉर्नहिलने शेपर्डलाही. क्रुकशँकने नंतरचा क्षण घेतला, टोपी ओढल्यानंतरचा, आणि एकाच्या जागी ओळ लावली. ती बाई कोण होती हे त्याला रस्त्यावरून कळणारही नव्हतं, तिने काय चालवलं होतं एवढंच कळलं. कॅटनॅकचा ठोकळाही नंतरचाच क्षण, पण तिथे, जुनाबाजार म्हणतात तसं, क्षण निवडलेलाच नाही, फडताळातून काढलाय. आणि आडवाट, टेनिएलच्या राक्षसाला आधीही नाही आणि नंतरही नाही, कारण तो कुणी एक माणूसच नाही. तुमच्यामुळे हा फरक माझ्या लक्षात आला.

हुगळीकाठ, रक्ताच्या समुद्राचा ठसा मी मागवलेल्यांत नव्हता. बहिणीला सांगितलंय, ती पुढच्या महिन्यात वेळ घेऊन जाणार आहे. चेहऱ्यांचं तिला खास बघायला लावते.

मी स्वतः एक करून बघितलं. दहा सेंटिमीटरच्या पत्र्यावर क्रुकशँकच्या ओळीतल्यासारख्या चार आकृती ओरखडल्या, नोटेवर आहेत साधारण तेवढ्याच उंचीच्या. टोपीवाली डोकी काढायला सुईचे तीन झटके पुरतात. पाय मात्र जमेनात. लटकलेल्या माणसाचे पाय जमिनीवर उभ्या माणसासारखे होत नाहीत, बोटं खाली वळतात, आणि घाघऱ्याखालून नुसती ती बोटं दाखवायला मला पत्रा दोनदा घासून पुन्हा करावा लागला. आज आम्लातून काढलाय. रविवारी पहिला ठसा निघेल, तो इथे टाकते.